घडीचा फोन घ्यावा का?

मूळ मुद्दा (कोथरूड)
पुस्तकासारखा उघडणारा घडीचा फोन सामान्य ग्राहकाने तूर्त घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या धाकट्या भावाने असा फोन हप्त्यांवर घेतला. वॉरंटी संपून जेमतेम दोन महिने झाले असताना आतल्या पडद्यावर नेमकी घडीच्या जागी काळी रेघ उमटली आणि आठवड्याभरात अर्धा पडदा बंद पडला. दुरुस्तीचा खर्च ऐकून त्याने साधा फोन घेतला. जुन्याचे हप्ते अजून चालू आहेत. घडी पडावी म्हणून आतली काच केसाहूनही पातळ ठेवावी लागते, तिच्यावरच्या प्लॅस्टिकच्या थरावर नखाचाही वळ उठतो, आणि त्यासाठी दीड लाखाहून अधिक रुपये मोजायचे, हे मला पटत नाही.

प्रतिसाद (बाणेर)
आपल्या बंधूंचे नुकसान झाले याचे वाईट वाटते, परंतु हे तंत्र थांबलेले नाही. सॅमसंगचा घडीचा पहिला फोन, म्हणजे पहिला फोल्ड, २०१९ मध्ये परीक्षकांकडेच बिघडल्यामुळे एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये बाजारात आला. २०२१ च्या फोल्ड ३ला मात्र पाण्यापासून संरक्षण मिळाले, आणि त्याचे २७१ ग्रॅम वजन २०२५ च्या फोल्ड ७मध्ये २१५ ग्रॅमवर आले. मी इमारतींचे नकाशे तपासतो, बांधकामावरही जातो. वनाज-रामवाडी मेट्रोत उभ्याने आठ इंची पडद्यावर जिन्याची मापे वाचता येतात, साध्या फोनवर ती सतत सरकवावी लागतात. माझा टॅब आता घरीच असतो.

प्रतिसाद (नऱ्हे)
मी मोबाइल दुरुस्त करतो. पाण्याचा प्रश्न बराच सुटला आहे, धुळीचा नाही. फोल्ड ७चे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचे मानांकन आयपी४८ आहे. त्यातला आठ पाण्याचा. चार धुळीचा, आणि तो एवढेच सांगतो, की एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत शिरणार नाही. सिमेंटची भुकटी त्याहून कितीतरी बारीक असते, आणि बाणेरच्या गृहस्थांचा वावर तर बांधकामावरच आहे! फोल्ड ३साठी कंपनीने सांगितलेली दोन लाख घड्यांची चाचणी, म्हणजे रोज शंभर वेळा उघडल्यास सुमारे साडेपाच वर्षे, हा हिशेब ऐकायला चांगला आहे; पण ती उघडमीट यंत्राने केलेली असते, धुळीने भरलेल्या खिशात नव्हे.

प्रतिसाद (बाणेर)
धुळीचा मुद्दा मान्य, म्हणून बांधकामावर मी फोन झिपच्या पिशवीत ठेवतो. मात्र २०२५ च्याच गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ मानांकन आहे, आणि त्यातला सहा धूळ पूर्ण रोखल्याचा, म्हणजे घडीच्या फोनमध्ये धूळ रोखताच येत नाही असे म्हणता येणार नाही.

मूळ लेखक (कोथरूड)
आपल्या कामाला मोठा पडदा लागतो, हे मी मान्य करतो. माझा भाऊ त्यावर क्रिकेट पाहत असे. कंपनीने आतल्या पडद्याची तीन वर्षांची लेखी हमी दिली, तर पुढचा फोन मी स्वतः त्याच्यासोबत जाऊन घेईन.