डबल टचची सूट आणि आपले रेफरी

कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेत कॉलेजच्या मुलींच्या व्हॉलीबॉलमध्ये डबल टच, म्हणजे एकाच खेळाडूचा बॉलला सलग दोनदा हात लागण्याचा फॉल्ट, काढूनच टाकला, तर तसं अगदी नाहीये. एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने, 2024 च्या सीझनपासून फक्त टीमच्या दुसऱ्या टचला सूट दिलीये, तीही बॉल आपल्याच बाजूला राहिला तर, तोच नेटपलीकडे गेला की फॉल्ट. मला तरी हे पटतं, कारण सेटरच्या (स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्या खेळाडूच्या) हातातून बॉल जरा गिरकी घेत निघाला की रेफरी लगेच दोन बोटं वर करणार आणि पुढच्या रॅलीत तस्साच बॉल सोडून देणार, मग कोच बोंबलणार, पब्लिक बोंबलणार. गिरकी म्हणजे डबल असं नियमात कुठेही नाही हो!

आपल्याकडे पुण्यात इंटरकॉलेजला एफआयव्हीबीचे (आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचे) नियम, त्यामुळे सेटरला ही सूट नाही. ठीके. पण त्याच नियमांत असंही आहे की बॉल डेड असताना गेम कॅप्टन रेफरीला निर्णयाचा खुलासा विचारू शकते. मागे मुलींच्या एका मॅचला कॅप्टनने हात मागे बांधून नीट विचारलं तर रेफरीच्या स्टँडवरून उत्तर आलं, "ए, गप खेळ, नाहीतर कार्ड काढीन". अरे, लाल कार्ड म्हणजे समोरच्यांना फुकटचा पॉइंट आणि सर्व्हिस, ती काय धमकी द्यायची गोष्ट आहे का? मुलांच्या मॅचला हेच सर "काय झालं रे" म्हणत वाकून ऐकतात. आणि लाइन जज (बॉल आत की बाहेर ते सांगणारे) म्हणून यजमान कॉलेजचीच पोरं उभी करतात ते तर बोलायलाच नको.