गीझर, फिशटँकचा दिवा आणि बागेचा पंप: तिन्हींना एकच प्लग-टायमर चालेल का?

जिज्ञासू_०७
तीन ठिकाणी टायमर लावायचा आहे.
१. २५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर: सोमवार ते शुक्रवार पहाटे ५ ते ५:३०, शनिवार-रविवारी ७ ते ७:३०.
२. फिशटँकचा एलईडी दिवा, २० वॉट: रोज ८ तास.
३. बागेला पाणी देणारा अर्ध्या अश्वशक्तीचा पंप: दिवसातून दोनदा १० मिनिटं.

गोल चकतीचा आणि डिस्प्लेवाला, दोन्ही प्रकारांवर १६ ॲम्पिअर छापलेलं आहे. मग कुठलाही घेतला तरी चालेल ना? वीज अधूनमधून तासभर जाते.

तारजोड
१६ हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. टायमरच्या पाठीवर बारीक अक्षरांत १६(२) असं काहीतरी असेल ते बघा. कंसाबाहेरचा आकडा हीटरसारख्या सरळ लोडसाठी, कंसातला मोटरसारख्या लोडसाठी. कंसातला आकडा छापलेलाच नसेल तर त्यावर मोटर लावू नका.

गीझर: २००० भागिले २३० म्हणजे ८.७ ॲम्पिअर. निवांत चालेल.

पंप: अर्धी अश्वशक्ती म्हणजे ३७३ वॉट, पण ते शाफ्टवर मिळणारं काम. चालताना मोटर साधारण ३.५ ते ४ ॲम्पिअर ओढते आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सात पट. म्हणजे कंसातले २ कधीच ओलांडले. बंद होतानाही रिलेच्या, म्हणजे टायमरमधल्या आतल्या स्विचच्या, संपर्कबिंदूंमध्ये ठिणगी पडते. अशाने एक दिवस ते बिंदू एकमेकांना वितळून चिकटतात. मग डिस्प्लेवर ‘ऑफ’ दिसतं आणि पंप चालूच असतो. टाकी कोरडी पडली की पंपाचं सील जळतं.

पंपाला टायमर लावायचाच तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट पेलणारा विजेवर चालणारा स्विच, घाला. टायमर फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालू-बंद करेल, पंपाचा करंट कॉन्टॅक्टरमधून जाईल. हे काम वायरमनकडून, ओव्हरलोड रिलेसकट (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) करून घ्या.

एलईडीचे २० वॉट किरकोळ आहेत. पण एकाच टायमरवर दहा-बारा दिवे जोडाल तर त्यांच्या ड्रायव्हरमधले (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधले) कपॅसिटर एकदम भरताना मोठा झटका देतात, आणि तिथेही रिले चिकटू शकतो.

चकती_विरुद्ध_डिजिटल
वीज जात असेल तर चकतीवाला विसरा. त्यातली छोटी मोटर मेनच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. वीज तासभर गेली की चकती तासभर थांबते आणि पुढचं सगळं वेळापत्रक एक तास मागे पडतं, तुम्ही हाताने फिरवेपर्यंत. चार वेळा वीज गेली की गीझर सकाळी ९ला लागेल! शिवाय २४ तासांच्या चकतीला सहसा ९६ दाते असतात, एक दाता १५ मिनिटांचा. ४८ दात्यांची असेल तर ३० मिनिटांचा. १० मिनिटं लावताच येत नाहीत, वारही वेगळे करता येत नाहीत.

डिजिटलमध्ये छोटी रिचार्जेबल बॅटरी असते, ती घड्याळ आणि प्रोग्रॅम सांभाळते. खोक्यातून काढल्यावर डिस्प्ले कोरा दिसला तर तो खराब आहे असं समजून परत करू नका. रात्रभर सॉकेटला लावून ठेवा, टाचणीने रिसेटचं बारीक छिद्र दाबा, मग वेळ लावा. काही वर्षांनी वीज गेली की वेळ पुसली जायला लागली तर बॅटरी संपली. बऱ्याच टायमरांत ती सोल्डर केलेली असते, म्हणजे बदलणं कटकटीचं.

बटणं_नीट_दाबा
डिजिटल घेतल्यावर येणाऱ्या तक्रारी बहुतेक सेटिंगच्या असतात.

आधी आजचा वार आणि वेळ लावा. १२ तासांचं घड्याळ असेल तर सकाळ-संध्याकाळ तपासा. मग पहिला प्रोग्रॅम: सोम-शुक्र गट, चालू ५:००, बंद ५:३०. दुसरा: शनि-रवि गट, चालू ७:००, बंद ७:३०. ‘बंद’ची वेळ लावताना गट पुन्हा निवडावा लागतो, तिथे लोक हमखास विसरतात. आणि दिवा मध्यरात्र ओलांडून चालवायचा असेल तर ‘बंद’चा वार पुढचा येतो.

शेवटी मोड. बटण ‘ऑन’वरून थेट ‘ऑटो’वर नेलं तर बऱ्याच टायमरांत पुढची ‘बंद’ वेळ येईपर्यंत उपकरण चालूच राहतं. आधी ‘ऑफ’, मग ‘ऑटो’. वेळा रोज थोड्या इकडेतिकडे सरकत असतील तर ‘रँडम’चं बटण चुकून दाबलं गेलंय का बघा. घर रिकामं असताना दिवे अनियमित लावण्यासाठी ती सोय असते.

जिज्ञासू_०७
पंप सध्या बाजूला ठेवतो. फिशटँकचा फिल्टर आणि हवेचा पंपही दिव्याच्याच टायमरवर टाकू का? आणि गीझरला अर्धा तास पुरेल?

तारजोड
फिल्टर अजिबात नको. त्यातले उपयोगी जिवाणू वाहत्या, प्राणवायू असलेल्या पाण्यावर जगतात, रोज १६ तास बंद ठेवलात तर मरतील. हवेचा पंपही २४ तास राहू द्या. टायमरवर फक्त दिवा.

गीझरचं गणित: २५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला २००० वॉटला साधारण अर्धा तास लागतो. म्हणजे ५ला लावलात तर पाणी ५:३०ला तयार. आंघोळ ५ला असेल तर ४:३०लाच लावा, थंडीत ४:१५ला.

प्लग_हात_लावून_बघा
गीझर पहिल्यांदा टायमरवर लावाल तेव्हा २० मिनिटांनी मेनचं बटण बंद करा, प्लग काढा आणि प्लगच्या व टायमरच्या बाहेरच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट ठीक. चटका बसला तर सॉकेटची पकड सैल आहे, तो बदला. टायमर थेट भिंतीतल्या १६ ॲम्पिअरच्या सॉकेटमध्येच हवा, एक्स्टेन्शन बोर्डवर किंवा ६ ॲम्पिअरच्या कन्व्हर्टरमधून नको.

आणि गीझर टचबटणाचा आहे का? चालू असताना मेनचं बटण बंद करून पुन्हा लावा. आपोआप सुरू झाला नाही तर त्याला कुठलाही प्लग-टायमर निरुपयोगी.