हात धुऊन म्हणायची प्रार्थना
'ज्यूंचा देव म्हणजे आभाळात बसून नुसत्या आज्ञा सोडणारा' असं एक मत नेहमी ऐकू येतं, ते काही पटलं नाही बुवा. त्यांचा साधा दिनक्रम बघा. सकाळी जाग आली की अंथरुणातूनच 'मोदे अनी', म्हणजे जीव परत दिलास म्हणून आभार. पाव खाण्याआधी एक ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना, फळाला वेगळी, वीज चमकली की आणखी वेगळी. दिवसाला अशा 100 म्हणाव्यात, असं तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात रब्बी (धर्मगुरू) मेइर सांगतात.

माझी आवडती 'आशेर यात्सार'. ती म्हणायची शौचाहून आल्यावर, हात धुऊन! देवा, तू शरीरात छिद्रं आणि पोकळ्या केल्या आहेस, त्यातलं एक जरी फुटलं किंवा बुजलं तरी तुझ्यासमोर उभं राहणं अशक्य, असा काहीसा अर्थ. (सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या मला हे आधी विचित्रच वाटलं होतं. मग एकदा मूतखडा झाला.)

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंच्या, दारालाही आत शिरताना उजव्या हाताला मेझुझा, म्हणजे चौकटीला लावलेली छोटी डबी, दिसते. तिच्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेला 'शमा', म्हणजे देव एकच आहे असं सांगणारा धर्मग्रंथातला उतारा. येता-जाता तिला बोटं लावायची, ओठांना टेकवायची, की बाजारात जायला मोकळे.