रक्तवाढीच्या गोळ्या चालू असूनही एचबी घसरतंय (सातवा महिना), मदत हवी आहे

रानजाई

नमस्कार. इथं वर्षभर नुसती वाचत होते, आज स्वतःचाच धागा काढायची वेळ आली. पहिलंच बाळंतपण, सत्ताविसावा आठवडा चालू आहे. राहायला कराडला, माहेर इस्लामपूर. पतसंस्थेत कॅशला बसते.

तिसऱ्या महिन्यात एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, १०.४ होतं. परवा पुन्हा रक्त तपासलं तर ८.६! मॅडमनी रिपोर्ट बघून विचारलं, "गोळ्या घेताय ना?" मी हो म्हटलं. "पंधरा दिवसांनी या, नाहीतर सलाईनमधून आयर्न देऊ" एवढं सांगून त्यांनी पुढचा केस पेपर घेतला. बाहेर वीसएक जणी बसलेल्या, मलाही विचारायला अवघड वाटलं.

घरी खाण्यापिण्याची हयगय अजिबात नाही. सासूबाई रोज एक अख्खं डाळिंब सोलून वाटीत ठेवतात. सकाळी बीट-गाजराचा रस, दुपारी खजूर, संध्याकाळी गूळ-शेंगदाणे. आता त्या म्हणतात, डाळिंबं दोन करू. शेजारच्या काकूंचं वेगळंच. त्या लाल गोळ्यांनी बाळ काळं होतं आणि पोटात इतकं वाढतं की शेवटी सिझरच करावं लागतं, असं त्यांनी सासूबाईंच्या डोक्यात भरवलंय. सलाईनचं नाव काढल्यावर तर घरात सुतकी शांतता.

एवढं सगळं खाऊनही एचबी खाली का जातंय? सलाईन घ्यावं का? त्याचा बाळाला काही त्रास? जिना चढताना धाप लागते, बाकी ठीक आहे. रिपोर्ट असा: एचबी ८.६, एमसीव्ही ६८, लाल पेशी ४.१ दशलक्ष, आरडीडब्ल्यू १८.९, प्लेटलेट नॉर्मल.

आजीचा_बटवा

ताई, काळजी करू नकोस. आमच्यात काळ्या मनुका रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट देतात. लोखंडी कढईत पालेभाजी कर. माझ्या सुनेचं असंच झालं होतं, बाळंतपण सुखरूप झालं.

खडीसाखर

मनुका कशाला, सरळ सलाईन घे. मी आठव्यात घेतलं, पंधरावीस मिनिटांत झालं, संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापली. आणि हो, माझं पोरगं त्याच्या बापासारखंच सावळं आहे, गोळ्यांचा काय संबंध :)

ओपीडीनंतर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, नाशिककडे. सल्ला देण्याआधी चार गोष्टी विचारतो. उत्तरं खरी द्या, इथं तुमच्या मॅडम नाहीत आणि सासूबाईही नाहीत.

गोळी किती वाजता घेता? ती घेताना आणि पुढेमागे तासाभरात पोटात काय जातं? गेल्या तीस दिवसांत प्रत्यक्षात किती गोळ्या घेतल्या? आणि माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का?

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. आडवं पडल्यावर धाप लागली, बसल्या जागी छातीत धडधड झाली, चक्कर येऊन पडलात, चेहरा सुजला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर या धाग्यावर उत्तराची वाट बघायची नाही. त्याच दिवशी दवाखाना.

रानजाई

डॉक्टर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून फोन उलटा ठेवला आणि थोडा वेळ तशीच बसले. तुम्हाला कसं कळलं?

पाचव्या महिन्यापासून पाटीवरची पेन्सिल खाते. पतसंस्थेच्या खालीच स्टेशनरीचं दुकान आहे. पहिल्यांदा भाचीसाठी म्हणून पाकीट घेतलं. आता दुकानदार मला बघितलं की न विचारता पुढे करतो. कॅशच्या ड्रॉवरमध्ये, सुट्ट्या नाण्यांच्या खणामागे ठेवते. दिवसाला तीनचार होतात. पहिल्या पावसाचा जो वास येतो ना, तसंच काहीतरी तोंडात येतं. नवऱ्यालाही माहीत नाही. लाज वाटते हो.

गोळीचं म्हणाल तर सकाळी नाश्त्यानंतर चहाबरोबर घेते, म्हणजे लक्षात राहते. कॅल्शियमची गोळी पण तेव्हाच, दोन्ही एकदम घशाखाली. ॲसिडिटीची त्याआधी, उठल्याउठल्या. आणि खरं सांगायचं तर गोळ्या रोज होत नाहीत. मळमळतं, शी काळी होते, तीनतीन दिवस पोट साफ होत नाही. एकदा ती काळी शी बघून घाबरले आणि आठवडाभर बंदच केली. महिन्यात बारातेरा झाल्या असतील.

ओपीडीनंतर

लाज कसली, तुम्ही निदान अर्धं करून दिलंत. शरीरातलं लोह कमी झालं की असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे आम्ही रोज बघतो. कुणी चुलीची भाजकी माती खातं, कुणी फ्रीजमधला बर्फ कडाकडा चावतं, कुणी तांदळाच्या डब्यापाशीच उभी असते. अडचण अशी की माती पोटातलं लोह धरून ठेवते. लोह कमी म्हणून माती, आणि माती म्हणून लोह आणखी कमी. शिवाय त्यातून शिसं, जंतांची अंडी, काय काय पोटात जाईल सांगता येत नाही. पेन्सिलही त्याच जातीची. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चौथ्या महिन्यानंतर एकदा देतात. तुम्हाला दिली का ते केस पेपरवर बघा.

आता एचबी घसरलं कसं ते. गरोदरपणात रक्तातलं पाणी साधारण दीडपट होतं, लाल पेशी मात्र तेवढ्या वाढत नाहीत. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवलं, डाळही थोडी वाढवली, पण पाण्याच्या मानानं कमीच पडली. म्हणून थोडं खाली येणं चालतं. तरी गरोदर बाईचं एचबी ११ च्या खाली गेलं की आम्ही त्याला ॲनिमिया म्हणतो. ७ ते ९.९ म्हणजे मध्यम, ७ च्या खाली तीव्र. तुम्ही मधल्या घरात आहात. घाबरायचं नाही, पण झोपायचंही नाही. एकट्याही नाही आहात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के ॲनिमियात निघाल्या होत्या.

डाळिंबाबद्दल. सासूबाईंची माया मोठी आहे, तिला धक्का लावू नका, पण शंभर ग्रॅम दाण्यांत एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. पूर्ण गरोदरपणाला सुमारे १००० मिलिग्रॅम लागतं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. हिशोब तुम्ही कॅशवरच्या आहात, तुम्हीच करा. लाल रंग म्हणजे रक्त, ही आपल्याकडची जुनी समजूत. बीटही त्यातलंच. मटकी, हुलगे, बाजरी, पालेभाज्या यांत लोह बरं असतं, पण त्यावर लिंबू पिळलं तर अंगी जास्त लागतं. मांसाहार करत असाल तर मटण आणि मासे यांतलं लोह सहज शोषलं जातं. डाळिंब खा, छानच असतं, पण ते गोळीच्या जागी मोजू नका.

आणि गोळी घ्यायची तुमची पद्धत! चहा लोहाला अडवतो. कॅल्शियम अडवतं. ॲसिडिटीच्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, ते आम्लच लोह शोषायला हवं असतं. तुम्ही एका गोळीवर तीन राखणदार बसवले आणि वर महिन्यातल्या सतरा दिवशी तिला आतच सोडली नाही.

असं करा. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना, लिंबूपाण्याबरोबर. तिच्या दोन तास अलीकडे-पलीकडे चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम काही नको. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर. रिकाम्या पोटी फारच मळमळलं तर दोन घास खाऊन घ्या. शोषण थोडं कमी होईल, पण कचऱ्याच्या डब्यात गेलेल्या गोळीपेक्षा ते बरं. शी काळी होणं म्हणजे न शोषलेलं लोह बाहेर पडतंय, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डांबरासारखी चिकट, उग्र वासाची झाली आणि पोटात दुखलं तर मात्र दाखवा. बद्धकोष्ठतेला भरपूर पाणी, रात्री इसबगोल. त्यानंही जमलं नाही तर गोळीचा प्रकार बदलता येतो. स्वतःहून बंद करू नका.

ॲनिमिया झालेला असताना रोज एकाऐवजी दोन गोळ्या देतात. ते तुमच्या मॅडमनी ठरवायचं. त्यांना जाऊन आत्ता मला सांगितलंत ते सगळं सांगा, पेन्सिलीसकट. "घेते" हा शब्द ऐकून आम्ही पुढचं औषध लिहितो, आणि तो शब्द खोटा असला तर पुढचं सगळंच चुकतं.

एक तपासणी राहिली आहे का बघा: एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी रक्ततपासणी, थॅलेसेमिया मायनरसाठी. थॅलेसेमिया हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. मायनर म्हणजे तो नुसता वाहून नेणारा माणूस, मेजर म्हणजे प्रत्यक्ष गंभीर आजार. तुमच्या पेशी लहान आहेत, एमसीव्ही ६८. मायनरमध्येही लहान असतात, पण तिथं लाल पेशींची संख्या बहुधा पाचच्या वर जाते. तुमची ४.१ आहे, आरडीडब्ल्यूही, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक, चढलेला आहे, म्हणून मला लोहाचीच कमतरता वाटते. तरी एकदा करून घ्यावी. तुम्ही मायनर निघालात तर नवऱ्याचीही करावी लागते, दोघंही मायनर असले तर बाळाला मेजर असण्याची शक्यता चारात एक. खरं तर ही तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आतच व्हायला हवी.

सातपुडा_पायथा

डॉक्टर, आमच्या नंदुरबारकडे याच्या जोडीला सिकलसेलची (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार) तपासणी करतात. ताईंना लागेल का?

ओपीडीनंतर

एचपीएलसीत सिकलही कळतं. तुमच्याकडे आणि विदर्भात ती आवर्जून करायचीच.

काकूंच्या शास्त्राचं राहिलं. गोळीनं बाळ काळं होत नाही, रंग आईबापांकडून येतो. सिझर होईल इतकं वाढतही नाही. उलट आईचं रक्त फार कमी असेल तर बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी होण्याचा धोका वाढतो. आणि सगळं सुरळीत झालं तरी प्रसूतीत अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जातं. ११ असलेली बाई ते सहज सोसते. ८ वालीला त्याच्यावर थोडं जास्त गेलं तरी पिशव्यांची धावाधाव सुरू होते. आमची खरी भीती त्या दिवसाची असते.

सलाईन हा काही शेवटचा उपाय किंवा शिक्षा नाही. पहिले तीन महिने देत नाहीत, नंतर चालतं. आयर्न सुक्रोज थोडं थोडं करून चारपाच खेपांत देतात. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, खडीसाखर यांचं बहुतेक तेच असावं. दवाखान्यातच, लक्ष ठेवून द्यायचं, कारण क्वचित रिॲक्शन येते. गोळ्या सोसत नसतील, नीट घेऊनही महिन्यात एचबी एकनेही वाढलं नसेल किंवा दिवस थोडेच उरले असतील, तर मी स्वतः उशीर करत नाही.

खडीसाखर

हो हो, तेच लांबलचक नाव. पिशवी तपकिरी रंगाची, चहासारखी. हातात गळायला लागली तर डाग पडतो म्हणून सिस्टर सारख्या बघत होत्या.

दुधाचे_दात

धाग्याला फाटा फोडते, माफ करा. मला बाळंत होऊन दोन महिने झाले, घरचे म्हणतात आता गोळ्या बास.

ओपीडीनंतर

बास नाही. बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या. दुधातून बाळाला काही होत नाही. चहापासून लांब ठेवा म्हणजे झालं.

रानजाई

काल मॅडमकडे जाऊन आले. नवऱ्याला बरोबर नेलं आणि रिक्षातच पेन्सिलीचं सांगून टाकलं. आधी तो हसला, मग गप्प झाला. मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे आधी सांगितलं असतंस तर पंधरा दिवस वाचले असते." दोन गोळ्या, जंताची गोळी, एचपीएलसी. ॲसिडिटीची बंद करून बघायला सांगितली. महिनाभर बघू म्हणाल्या, नाहीतर सलाईन. सासूबाईंना त्यांनी फोनवर स्वतः समजावलं, त्यामुळे डाळिंब एकावरच राहिलंय.

नवऱ्यानं कॅल्शियमची डबी माझ्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकली आणि लोहाची पाकिटं उशाशी. गोळी घेतली की कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खुणेशेजारी फुली मारतो.

रानजाई

महिना झाला, एकतिसावा आठवडा. एचपीएलसी नॉर्मल. एचबी ९.८. कॅलेंडरवर दोन दिवस फुली नाही, एकदा गावी गेलो होतो आणि एकदा नुसता कंटाळा. पोटाचं इसबगोलनं बरंच जमलंय. पेन्सिल पहिल्या आठवड्यात अवघड गेली, तोंडात आवळा सुपारी धरून दिवस काढले. नंतर कधी खावीशी वाटेनाशी झाली ते कळलंच नाही. परवा कॅश मोजताना हाताला पाकीट लागलं, अर्धं तसंच होतं.

डॉक्टर, आता सलाईन लागेल का?

ओपीडीनंतर

चार आठवड्यांत १.२ वाढलं, म्हणजे गोळी लागू पडतेय. माझ्याकडे असतात तर मी आत्ता सलाईन दिलं नसतं. दोन गोळ्या तशाच चालू ठेवा, चार आठवड्यांनी पुन्हा एचबी. तेव्हा ११ च्या आसपास नसेल तर मॅडमशी सलाईनचं बोला, पुढं ढकलू नका. ११ झालं तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. आणि ते अर्धं पाकीट भाचीला देऊन टाका.