डिसेंबरअखेर सख्या सागर: सकाळची फेरी की दुपारची?

लश्करवाला: नाताळच्या सुट्टीत ग्वाल्हेरहून शिवपुरीला, माधव राष्ट्रीय उद्यानातला सख्या सागर तलाव बघायला जायचंय. बरोबर सत्तरीचे आईबाबा. मगरी दिसतील अशी वेळ कोणती? काठावर उतरता येतं का?

पाणकावळा: दुपारची फेरी घ्या. त्या दिवसांत वाटेतल्या मोहन्याच्या रस्त्यावर धुकं दाट असतं. ११५-१२० किलोमीटरला अडीच तास धरलेत तरी पुरत नाहीत, आणि पोचल्यावर पाण्यावरही तेच धुकं. शिवाय मगरीला स्वतःची ऊब नसते. थंडीत पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार, म्हणून ती पाण्यातच राहते आणि ऊन चढलं की काठावर येऊन पसरते. जबडा वासून पडलेली मगर चिडलेली नसते, तापलेलं डोकं निववत असते. रंग चिखलाचाच, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ओंडका वाटतो. दुर्बीण ८×४२ची (आठ पटीची) न्या. १२ पटीची हातात फार थरथरते. काठावर उतरायचं नाही, विचारूही नका.

बोटक्लब: पक्षी बघायला पहाटच हवी असं म्हणतात, तेही सरसकट खरं नाही. पट्टकादंब (रानहंस) रात्री शेतात चरतात, दिवसा पाण्याशी विसावतात. खरी अडचण जलपर्णीची. शहराचं सांडपाणी तलावात येतं, त्यावर ती फोफावते आणि झाकल्या पाण्यावर बदकं उतरत नाहीत. मोकळं पाणी सध्या कुठल्या बाजूला आहे, हे गाइडला आधीच विचारा.

लश्करवाला: मग सकाळी काय करावं? आणि स्वतःची गाडी आत नेता येईल?

दालबाजार: मार्च २०२५ मध्ये उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. गाडीबद्दलची जुनी माहिती धरून चालू नका, उद्यान कार्यालयात फोन करा. उघडी जीप मिळाली तर आईबाबांना चालकाच्या लगेच मागे बसवा. शेवटची रांग मागच्या चाकांवर असते, दणके तिथेच बसतात. कानटोप्या हव्यातच.

सकाळी आरामात निघून आधी शिंद्यांच्या छत्र्या (स्मारकं) बघा. मनियर नदी अडवून १९१८ मध्ये हा तलाव ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी करवला, नाव आईचं, सख्याराजेंचं. मायलेकांच्या छत्र्या समोरासमोर आहेत. जेवून मग गेट गाठा. फक्त बुधवार टाळा, मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत त्या दिवशी दुपारची फेरी नसते.