मदत हवी आहे: उझबेकिस्तानातल्या छोट्या गावात ९ रात्री (तातडीने!)

सावकाशी
नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.
उझबेकिस्तानला चाललोय. ताश्कंद-समरकंद-बुखारा-खीवा अशी पळापळ करायची नाहीये. एकाच छोट्या गावात नऊ रात्री राहायचं, बास. एका कुटुंबाकडे खोली मिळाली, अंगणात तुतीचं झाड आहे, तो फोटो बघूनच ठरवलं. विमानाची तिकिटं काढून झाली आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत.
यजमान व्हॉट्सअ‍ॅपला उत्तरच देत नव्हता. शेवटी टेलिग्रामवर सापडला. त्याने चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवलाय. भाषांतराच्या अ‍ॅपने त्याचं केलं ते असं: "यादी नाही, पासपोर्ट, यादी नाही, काकडी आहे." कसली यादी? कसली काकडी?
दोनच प्रश्न आहेत. १) ही यादी काय भानगड आहे? २) समरकंदहून तिथे स्वस्तात कसं जायचं? टॅक्सीवाला अव्वाच्या सव्वा सांगतोय.
कृपया "त्यापेक्षा बुखाराच करा" असं कोणी सांगू नका.

टोलेजंग
त्यापेक्षा बुखाराच करा. :)

कऱ्हाडकर_बंडू
ताई, गाव कुठलं ते सांगितलंच नाही. "तिथे" म्हणजे कुठे? आम्हाला काय स्वप्न पडणार?

सावकाशी
सॉरी, नुराता. नवोई प्रांतात आहे.

भटक्या_विमुक्त_६०
नुरातात नऊ रात्री?! मी २०१४ साली गेलो होतो. चश्मा नावाचा झरा, शेजारी चिलउस्तून मशीद, मागे टेकडीवर सिकंदराचा म्हणतात तो मातीचा पडका किल्ला. दीड तासात संपलं. जेवून पुढे वाळवंटातल्या तंबूत मुक्काम. उरलेले आठ दिवस काय भिंती मोजणार?
एक मोलाचा सल्ला: बँकेत डॉलर बदलू नका. बाजारात लोक पिशव्या घेऊन उभे असतात, बँकेपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. नोटांची चळत इतकी मोठी की मला सॅक रिकामी करावी लागली होती.

चिनारछाया
काका, तो काळा बाजार २०१७ च्या सप्टेंबरातच संपला. सरकारने सोमचा, म्हणजे तिथल्या चलनाचा, दर मोकळा केला, आता बँकेत आणि बाजारात एकच भाव. आज रस्त्यावर बदलायला गेलात तर फसण्याशिवाय काही हाती लागायचं नाही. दहा वर्षांपूर्वीचे सल्ले तारीख घालून द्यावेत ही विनंती.
सावकाशी, मी ताश्कंदला दोन वर्षं औषध कंपनीत नोकरीला होते, उझबेक थोडीफार समजते. त्या निरोपात 'रोयखात' असा शब्द ऐकू येतोय का बघा. आणि पुढे 'योक'?

सावकाशी
हो!! "रुयखत योक" असंच काहीतरी आहे. दोनदा.

चिनारछाया
मग कळलं. रोयखात म्हणजे यादी, पण इथे अर्थ नोंदणी. योक म्हणजे नाही. परदेशी पाहुण्याची मुक्कामाच्या ठिकाणी तीन दिवसांच्या आत नोंदणी व्हावी लागते. हॉटेलं आणि परवानाधारक घरं 'ए-मेहमोन' नावाच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर ती करतात. मेहमोन म्हणजे आपला मेहमानच. तुमचा यजमान म्हणतोय की त्याच्याकडे ती सोय नाही.
एखाद-दोन रात्रींचा प्रश्न असता तर कोणी फार विचारलं नसतं. नऊ रात्री बिननोंदणीच्या राहू नका. दंड तुम्हालाही होतो आणि त्या बिचाऱ्यालाही. त्याला विचारा, घरातलं तरुण माणूस ऑनलाइन करू शकेल का? खाजगी घरमालकालाही करता येते, फक्त बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं किंवा कटकट नको असते.
काकडीचं मात्र कोडं आहे. बोदरिंग म्हणजे काकडी, तेवढं खरं.

कऱ्हाडकर_बंडू
प्रश्न २ चं उत्तर घ्या. समरकंदहून खास गाडी करूच नका. रेल्वेने नवोईला उतरा, अफ्रोसियोब ही वेगवान गाडी मिळाली तर तासाभरात पोचवते, पण तिची तिकिटं भराभर संपतात म्हणून आधी काढा. नवोईहून नुराता साधारण सत्तर किलोमीटर. तिकडे शेअर टॅक्सी असते, आपल्याकडचं वडापच समजा. चार सीटं भरली की निघते. सीटचे पैसे द्यायचे. घाई असेल तर उरलेल्या सीटांचेही आपणच द्यायचे. नवोईच्या बाजाराकडे गेलात की "नुराता, नुराता" ओरडणारे दिसतील. पुढची सीट पटकावा, मागे तिघांत सँडविच होतं. आमच्या कऱ्हाड-चिपळूण वडापची आठवण झाली, फक्त गाणी वेगळी. 'हिंदुस्तान' म्हटल्यावर ड्रायव्हरने राज कपूर आणि मिथुनवर असं काही सुरू केलं की सत्तर किलोमीटर मला बोलायला जागाच मिळाली नाही.

निवृत्त_अभियंता
कोणी मूळ मुद्द्याकडे लक्ष देत नाहीये. नुराताच्या परिसरात जुने कारेझ आहेत, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे. डोंगरपायथ्याचं भूजल निव्वळ उताराने गावापर्यंत, पंप नाही की वीज नाही. आपल्या औरंगाबादच्या पाणचक्कीला पाणी आणणारी नहर याच घराण्यातली. नऊ दिवस आहेत तर मोजपट्टी घेऊन जा आणि त्या बोगद्यांवरच्या दोन विहिरींमधलं अंतर मोजून आम्हाला कळवा.

सावकाशी
काका, मी सुट्टीवर चाललेय. :) पण बघेन नक्की.
चिनारछाया, लाख धन्यवाद. विचारते त्याला. बंडूदादा, नवोईच्या बाजारात शिरल्यापासून गाडी भरेपर्यंत साधारण किती वेळ लागतो? आईला फार वेळ उन्हात उभं करता येणार नाही.

चिनारछाया
आई?

कऱ्हाडकर_बंडू
आई? ऊन? ताई, महिना कुठला?

सावकाशी
अरे हो, लिहायचं राहिलं. मी आणि आई. आई ६८ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास आहे. २४ जून ते ५ जुलै. आणि आम्ही दोघी शाकाहारी, पण ते यजमानाला कळवलंय.

टोलेजंग
हे आत्ता सांगताय? धागा २५ प्रतिसादांवर गेल्यावर "आणि घोड्यावर जायचंय" असंही येईल.

चिनारछाया
काकडीचा उलगडा झाला! तुम्ही मांस खात नाही म्हटल्यावर तो बिचारा सांगतोय, "बोदरिंग बोर". बोर म्हणजे आहे. आमच्याकडे काकडी आहे, काळजी करू नका.
पण २४ जून? २५ जूनपासून तिकडे 'चिल्ला' लागतो, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक चाळीस दिवस. चाळिशी पार करतो पारा. दुपारी बारा ते पाच कोणी बाहेर पडत नाही. सगळं गाव अंगणातल्या तापचानवर पडून असतं. तापचान म्हणजे चार खुरांचा लाकडी चौथरा. त्यावरच गाद्या, उशा, चहा, आणि रात्री झोपही.

भटक्या_विमुक्त_६०
मी तेच म्हणतोय. दीड तासात बघा आणि पळा.

मंदगती
काका, तुम्ही जे दीड तासात बघितलं ते दगड होते. ताईंना काही बघायचंच नाहीये, राहायचंय. मी नुरातात नाही पण शेजारच्या डोंगरातल्या सेंतोबला आठ दिवस होतो. पहिले दोन दिवस मलाही वाटलं, काय मूर्खपणा केला. तिसऱ्या दिवशी घरातल्या आजीने मला जर्दाळू फोडून वाळत घालायला बसवलं, बिया वेगळ्या, फोडी वेगळ्या, छपरावर चादर पसरून. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरांना माझं नाव पाठ झालं होतं.
एक गोष्ट लक्षात ठेवा. चहा ओतताना यजमान पहिल्यांदा कपात ओतून परत किटलीत ओततो, असं तीन वेळा. मग प्याल्यात देतो तेव्हा अर्धाही भरत नाही. मला आधी वाटलं, कंजूष आहे. उलट आहे. थोडा दिला म्हणजे परत परत ओतायचं मिळावं, तुम्ही बसावं. काठोकाठ भरून दिला तर समजा, निघायची वेळ झाली.
ताई, ऊन जमत नसेल तर चार रात्री सेंतोबला काढा. नुरातापासून गाडीने साधारण दीड तास. अक्रोडाची झाडं, ओढा, रात्री गारवा. तिथली बरीच घरं पाहुणे ठेवायला सरावलेली आहेत, त्यामुळे नोंदणीचाही प्रश्न सहसा येत नाही.

सावकाशी
चढ आहे का? आणि संडास?

मंदगती
चढ आहे. संडास अंगणापलीकडे, बसायचा. काही घरांत आता कमोड केलेत, बुक करताना फोटो मागवा. आईंच्या गुडघ्यांना गाव मानवेल, डोंगर नाही.

आशूची_आई
माझा भाचा समरकंदला एमबीबीएस करतोय, तिसरं वर्ष. तिथे आपली मराठी मुलं पुष्कळ आहेत. कोणाला माहिती हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मेस आहे, वरण-भात मिळतो. पण परत आल्यावर परीक्षा द्यावी लागते, ते आधीच लक्षात घ्या.

टोलेजंग
काकू, त्यांना नुरातात राहायचंय, डॉक्टर व्हायचं नाहीये.

खारीबिस्किट
शाकाहारींसाठी: थेपले, मेतकूट, लाडू, रेडिमेड उपमा, छोटा कुकर. डोळे झाकून न्या. मी युरोपात असंच केलं.

चिनारछाया
कुकर नेऊ नका हो, त्या घरातली बाई दुखावेल. उलट तिच्या स्वयंपाकघरात जा. सुझमा मागा, तो आपला चक्काच. साखर-वेलची जवळ ठेवलीत तर तापचानवर बसून श्रीखंड होईल. सायीला कायमाक म्हणतात, गरम नानबरोबर द्या आईंना. नान मात्र पालथी ठेवायची नाही, जमिनीवर तर नाहीच. भोपळ्याचा सामसा मिळतो. आणि मोशकिचिरी म्हणून मूग-तांदळाची खिचडी असते. नाव ऐका ना, किचिरी! पण त्यात मांस घालतात बरेचदा, आधी सांगावं लागतं.
एक सापळा आहे. गोश्त म्हणजे मांस, ते ओळखीचं आहे. पण 'सब्झी' म्हटलंत तर फक्त गाजर येईल. मी पहिल्या आठवड्यात हॉटेलात "फक्त सब्झी" मागितली आणि गाजरांची बशी खाल्ली, वर हसूही ठेवलं चेहऱ्यावर. म्हणायचं "गोश्तसिझ", मांसाविना. तरी सूप मटणाच्या पाण्यात असतं, तेवढं सोडून द्या.

सावकाशी
आईची एकादशी येतेय मध्ये.

मंदगती
जर्दाळू, टरबूज, बदाम, साय, खडीसाखर (तिला तिकडे नवोत म्हणतात). साबुदाण्यापेक्षा बरा उपवास होईल.

निवृत्त_अभियंता
ताश्कंदला उतरणारच आहात तर शास्त्रीजींचा पुतळा आहे, दर्शन घ्या. ११ जानेवारी १९६६. आपले यशवंतराव तेव्हा संरक्षणमंत्री म्हणून बरोबर होते. त्या रात्री नक्की काय झालं याबद्दल माझं मत असं की

संपादक
अवांतर. शास्त्रीजींच्या मृत्यूवर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. विषयावर राहा.

डॉ_विसरभोळा
एक विचारतो, कोणी विचारलं नाही म्हणून. आई गुडघ्यांसाठी कुठली गोळी घेतात? नावं लिहा.

सावकाशी
कॅल्शियम, पॅरासिटामॉल, आणि फार दुखलं तर एक असते, थांबा, पाकीट बघते. ट्रॅमाडॉल. का?

डॉ_विसरभोळा
मला वाटलंच. ती घरी ठेवा. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात, तिकडे ती नियंत्रित औषधांत मोडते आणि विमानतळावर कस्टम्स याबाबतीत अजिबात ऐकून घेत नाहीत. कोडीनवालं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, हेही तसंच. आईंच्या डॉक्टरांना भेटून पर्यायी गोळी लिहून घ्या. बाकीची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. प्लॅस्टिकच्या डबीत सुटी ओतून नेऊ नका, आपल्या आयांना ती सवय असते.

सावकाशी
बापरे. डबीतच भरून ठेवल्या होत्या तिने, वारांच्या कप्प्यांत. आज सगळ्या परत पाकिटात घातल्या. ट्रॅमाडॉल कपाटात गेली. डॉक्टर, तुमचे खरंच उपकार.

कऱ्हाडकर_बंडू
आणि ताई, व्हिसा? ई-व्हिसा काढला ना?

सावकाशी
सोमवारी अर्ज करणार आहे.

कऱ्हाडकर_बंडू
आजच करा. फोटो नाकारला तर परत भरावा लागतो, सुट्ट्या मध्ये आल्या की दिवस जातात. नाव पासपोर्टवर आहे तस्संच, वडिलांचं नाव कुठल्या रकान्यात ते नीट बघा. आम्ही तिथेच घोळ घातला होता.

सावकाशी (दोन दिवसांनी)
मंडळी, ताजी खबर. यजमानाला चिनारछायाने लिहून दिलेली वाक्यं पाठवली. त्याचा मुलगा नवोईत कॉलेजला असतो, तो ऑनलाइन नोंदणी करून देणार, पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो मागितलेत. नवीन निरोप आला: "रोयखात बोर." योकचं बोर झालं! व्हिसाचा अर्जही भरला.
शेवटी ठरलं ते असं: पाच रात्री नुराता, चार सेंतोब. सेंतोबच्या घराने कमोडचा फोटो पाठवलाय, नवाकोरा आहे, वर प्लॅस्टिकचं वेष्टण तसंच.
आता आईचा प्रश्न. तिला चश्मातल्या माशांचं मी वाचून दाखवलं, की झऱ्यातले मासे पवित्र मानतात, कोणी पकडत नाही, खात नाही. ती म्हणाली, "म्हणजे आपल्या तिळश्यासारखं." वाड्याजवळचं तिळसे, तिचं माहेर तिकडचं. लहानपणी वैतरणेच्या डोहात माशांना कुरमुरे टाकायची. आता विचारतेय, पिशवीत कुरमुरे घेतले तर चालतील का?

भटक्या_विमुक्त_६०
मासे बघितल्याचं आठवतंय. काळसर, जाडजूड, माणसाला घाबरत नाहीत. काही टाकतात का ते बघायला मी थांबलो नव्हतो.

मंदगती
कुरमुरे घ्या. पण टाकण्याआधी काठावर बसलेल्या म्हाताऱ्यांना दाखवा. नाही म्हणाले तर त्यांनाच द्या, चहाबरोबर खातील.