कुलवृत्तांताला पुठ्ठा बांधणी करावी की साधी?

कृष्णाकाठ, सांगली
कुलवृत्तांत छापायचाय. डेमी आकार, 320 पानं, 70 जीएसएम मॅपलिथो कागद, 200 प्रती. एक बाइंडर म्हणतात, "परफेक्ट (नुसत्या गोंदाची बांधणी) करून वर पुठ्ठा चढवतो, हार्ड बाउंडच दिसेल." दुसरे शिलाईचा आग्रह धरतात, पण दर बराच जास्त आहे. पुस्तक नातवंडांपर्यंत टिकायला हवं. पैसे नेमके कशावर घालू?

शिकंजा, सातारा
शिलाईवर. पुठ्ठा कोपरे राखतो, पानं धरून ठेवतो तो दोरा.

परफेक्टमध्ये फर्म्यांच्या (मोठा छापील कागद घडी घालून झालेला पानांचा जुडगा) घड्या मशीनवर तासून टाकतात आणि सुट्या झालेल्या पानांना हॉटमेल्ट, म्हणजे गरम वितळवलेला गोंद, लावतात. काही वर्षांनी तो गोंद कडक होतो, पुस्तक मधोमध उघडलं की कण्यात तडकतो आणि पानं निसटतात. वर पुठ्ठा असला तरी हेच होतं. शिवाय घड्याच उरत नाहीत, त्यामुळे पुढे दुरुस्तीला आडवी टाचणी मारावी लागते आणि मग पुस्तक सपाट उघडत नाही.

तुमचे 16 पानी 20 फर्मे होतील. प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा, पहिल्या आणि शेवटच्या फर्म्याला पुस्तनी (पुठ्ठ्याला आतून चिकटणारा दुमडलेला कोरा कागद) 3-4 मिमी चिकटवायची, कण्याला फेविकॉलचा पातळ हात द्यायचा, वाळल्यावर तीन बाजू कापायच्या. मग कण्यावर जाळीचं कापड, दोन्हीकडे इंचभर बाहेर राहील असं. पुस्तक पुठ्ठ्याला धरून ठेवणारा खरा सांधा हाच. इथे नुसत्या कागदी पट्टीवर भागवलं की पुस्तक कव्हरातून सुटून हातात येतं.

पुठ्ठा 2 मिमीचा घ्या. उंची ब्लॉकपेक्षा (शिवून कापलेल्या पानांच्या गठ्ठ्यापेक्षा) 6 मिमी जास्त, रुंदी 4 मिमी कमी, कण्यालगत 7 मिमी खाच. म्हणजे तिन्ही बाजूंना 3 मिमी पुठ्ठा बाहेर राहतो. खाच अरुंद झाली तर कव्हर उघडताना पुस्तनी ताणली जाऊन फाटते.

खळ-दोरा, मिरज
पुठ्ठे वाकतात त्याचंही लिहितो, पावसाळ्यात हीच तक्रार जास्त. पुठ्ठा, पुस्तनी आणि आतला कागद, तिन्हींचे तंतू कण्याला समांतर हवेत. कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहा. सहज वाकतो तेव्हा घडी तंतूंना समांतर असते. पुस्तनी चिकटवताना खळ (पिठाची चिकी) पातळ नको, पाणी जास्त झालं की पुठ्ठा ओढला जातो. चिकटवल्यावर शिकंज्यात (पुस्तक दाबायच्या यंत्रात) रात्रभर तरी ठेवा, पावसाळ्यात दोन दिवस. ओलसर गठ्ठा बांधला की पुस्तनीवर बुरशीचे ठिपके येतात. खळीत मोरचूद घालायला सांगा, कसर लागत नाही.

शिकंजा, सातारा
बजेट कमी असेल तर शिलाई सगळ्या 200 प्रतींना करा, पुठ्ठा फक्त 50 ना. उरलेल्या 150 ना 300 जीएसएम आर्टकार्डचं साधं कव्हर. आतला ब्लॉक शिवलेला असल्यामुळे त्यांना पुढे कधीही पुठ्ठा चढवता येतो. तेव्हा पुन्हा थोडं कापावं लागेल, म्हणून बाहेरचं मार्जिन 15 मिमीच्या खाली नेऊ नका.

माल ताब्यात घेताना एक प्रत फर्म्याच्या मध्यावर, म्हणजे पान 8-9 वर उघडा. घडीत दोरा दिसला पाहिजे. दिसला नाही तर परत पाठवा.

कृष्णाकाठ, सांगली
मनापासून आभार. 50 आणि 150 असंच करतो. ले-आउटमध्ये बाहेरचं मार्जिन 12 होतं, ते आजच 16 करून घेतो.